दर शोला उतरणारी तार

आमचा रूबेन कायमचा इस्राएलला गेला आणि मेलं नशीब बघा, पनवेलमध्येही कुणी न विचारणाऱ्या आमच्या ब्लूज बँडला पेण-अलिबागहून बोलावणी यायला लागली! गिटार सुरात लावून द्यायचा तोच, शिव्या घालत. आता त्यासाठी मोबाईलमध्ये ॲप आहे. तरी परवा खारघरला, शोच्या आधी, नेहमीसारखा त्याला व्हिडिओ कॉल केला आणि गिटार छेडली.

"गधड्यांनो, दुसरी तार उतरलीय! कान विकलेत का?"

"अरे हो की!" म्हणत मी तार चढवली.

रूबेन स्क्रीनच्या जवळ आला. मग म्हणाला, "दर शोला तीच तार कशी रे उतरते?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"पुढच्या वेळी दोन उतरवा," तो म्हणाला. "एका तारेत बोलणं लगेच संपतं."