गुसलीच्या तारांवरचा हात

रशियातल्या प्स्कोवमध्ये पियानोची मैफल संपल्यावर कोट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या, ग्लाफिरा आणि अन्फिसा.

“अगं ग्लाफिरा, पियानो ऐकून कुणी एवढं रडतं का? पुढच्या रांगेतला टकल्या दोनदा वळून बघत होता.”

“बघू दे मेल्याला! गुसलीवरूनच बांधलीये ती रचना, अन्फिसा. हुबेहूब तेच झंकार. आमचे आजोबा चर्चच्या पायरीवर मांडीवर गुसली घेऊन, तिच्या तारा छेडत देवाची पदं गायचे. माणसं टोप्या काढून ऐकायची.”

“भाग्यवान गं तू!”

“कसली भाग्यवान! मला लाज वाटायची त्यांची. मैत्रिणी बरोबर असल्या, की ओळखच दाखवायची नाही मी.”

“पोरवय ते. त्यांना थोडंच कळलं असेल?”

“कळायचं गं. आम्ही येताना दिसलो, की ते तारांवर हात ठेवून गप्प बसायचे, आम्ही लांब जाईपर्यंत.”