सोपा बॉल

कॅप्टन : बदला तिला, सर. मी कॅप्टन म्हणून सांगतेय.

कोच : आणि बहीण म्हणून?

कॅप्टन : बहीण म्हणून तर पाया पडते. हाफ टाइम संपायच्या आत काय ते ठरवा. दुसऱ्या हाफला मास्तरणीला गोलमध्ये उभी करा. राखीव गोलकीपर काय नुसती बाकावर बसवायला आणलीय?

कोच : मास्तरीण बाहेर वॉर्मअप करतेय. मीच सांगितलंय. पण अजून हो म्हटलेलं नाही मी. आणि हळू बोल, बारकी आत आहे.

कॅप्टन : नळ चालू आहे, तिला काय ऐकू येणार! मघापासून हात धुतेय नुसती. सर, काय बॉल होता तो? लहान पोरानं अडवला असता. घरंगळत आला, घरंगळत! हातात आला, छातीशी घेतला, आणि सुटला. त्यांच्या त्या पोरीनं नुसता पाय लावला. एका गोलनं पुढे होतो आपण, एक-एक झालं. सेमीफायनल आहे ही, सर!

कोच : मला माहीत आहे कुठली मॅच आहे ती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या.

कॅप्टन : मग?

कोच : मग हेही बघ ना. त्याच्या आधी त्यांची दहा नंबर एकटी सुटून आली होती. समोर फक्त बारकी. मी तर डोळे मिटून घेतले. काय केलं तिनं? पायातून बॉल उचलून आणला. मागच्या मॅचला पेनल्टी अडवली, पार कोपऱ्यात, आडवी झेप घेऊन. असे हात मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. अवघड ते सगळं धरते, सोपं तेवढं सोडते. मी तर हात टेकले.

कॅप्टन : पण सोप्यावरच गोल होतायत ना! चार मॅच झाल्या असंच चाललंय. लोक आता वाट बघत बसतात, कधी सोडतेय म्हणून.

कोच : काय नाही केलं आपण? ओरडून पाहिलं.

कॅप्टन : रडली.

कोच : मग ओरडायचं बंद केलं. सगळ्यांना तंबी दिली, कुणी काही बोलायचं नाही, बॉल सुटला तरी टाळ्या वाजवायच्या.

कॅप्टन : त्या टाळ्या! त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

कोच : नवे ग्लोव्हज आणले. बादलीत बॉल बुडवून ओल्या बॉलवर सराव घेतला. तुला सांगितलं, तिच्याजवळ राहा.

कॅप्टन : राहतेच की. बॉल तिच्याकडे निघाला की मी सगळं सोडून मागे धावते. सुटला तर लांब मारायला कुणीतरी नको? आज नेमका पाय घसरला माझा. नाहीतर पोचले असते, सर. अगदी पोचलेच असते.

कोच : तुला कोण बोल लावतंय?

कॅप्टन : मीच लावतेय. तिला गोलमध्ये उभी कुणी केली? मी. आई कामावर, घरी हिच्याजवळ कुणी नाही, म्हणून मैदानावर घेऊन यायचे. मोठ्या पोरींबरोबर धावता यायचं नाही. म्हटलं, जा, त्या विटांच्या मध्ये उभी राहा, तिथून हलू नकोस. बारकी बारकी म्हणता म्हणता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, आणि अजून तिथंच उभी आहे.

कोच : ऐक. आत्ता मध्येच काढली ना तिला, सगळ्या मैदानासमोर, तर ती पोर परत ग्लोव्हज घालणार नाही. लिहून देतो.

कॅप्टन : नको घालू दे! निदान नीट जेवेल तरी. घरी चमचा पडला तरी दचकते, सर. ती बोलत नाही, आम्ही बोलत नाही. आई माझ्याकडे बघते, मी ताटाकडे बघते. आज आई पहिल्यांदा मॅच बघायला आलीय. मघाशी मागून कुणीतरी ओरडलं, ‘हाताला तेल लावून आलीयस का गं?’ सगळा स्टँड हसला. आई तिथंच बसलीय, त्या हसणाऱ्यांच्या मधोमध.

कोच : मास्तरणीचं एक आहे. तिच्या हातून बॉल सुटत नाही.

कॅप्टन : तेच तर म्हणतेय मी.

कोच : कारण निम्मे बॉल तिच्या हाताला लागतच नाहीत. थेट जाळीत जातात.

कॅप्टन : चेष्टा सुचतेय तुम्हाला?

कोच : चेष्टा नाही गं. घाबरलो की मी असंच काहीबाही बोलतो, माझ्या बायकोला विचार. बारकीला ठेवली आणि सुटला, तर सगळ्या पोरींची वर्षभराची मेहनत पाण्यात. काढली, तर ती कायमची गेली. काहीही केलं तरी पाप माझ्याच माथी.

कॅप्टन : मग माझ्यावर ढकला. म्हणा, कॅप्टननं सांगितलं म्हणून काढली.

कोच : नळ बंद झाला का गं?

(आतलं दार उघडतं.)

बारकी : केव्हाच. तुम्ही मोठ्यानं बोलत होता म्हणून कळलं नाही.

कॅप्टन : ऐकलंस तू?

बारकी : पत्र्याचं पार्टिशन आहे, ताई. नळ चालू होता तेव्हाही ऐकूच येत होतं.

कोच : बाळा, बस जरा. हे बघ...

बारकी : बसत नाही, सर. पाय आखडतील. ग्लोव्हज काढू की ठेवू?

कोच : तुला काय वाटतं?

बारकी : आज विचारलंत.

कोच : म्हणजे?

बारकी : इतके दिवस सगळे माझ्याबद्दल ठरवतायत. ओरडायचं, ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या, बॉल भिजवायचे. बाई गं, तुझ्या हातातून का सुटतो, असं मला कुणी विचारलं नाही.

कॅप्टन : तुला वाईट वाटू नये म्हणून गं.

कोच : बरं, मी विचारतो. का सुटतो?

बारकी : ताईसमोर सांगू?

कॅप्टन : माझ्यासमोर न सांगण्यासारखं काय आहे?

बारकी : चिडशील.

कॅप्टन : नाही चिडणार!

बारकी : चिडलीच आहेस.

कोच : अगं, घरी जाऊन भांडा. शिट्टी व्हायला आलीय. बोल तू.

बारकी : ती दहा नंबर एकटी आली तेव्हा माझ्याजवळ कुणी नव्हतं. मला फक्त बॉल दिसत होता. पेनल्टीलाही तसंच, सगळ्या लांब उभ्या असतात. पण सोपा बॉल हळू येतो ना, तेव्हा ताईला पोचायला वेळ मिळतो.

कॅप्टन : मग चांगलंच आहे की! मी मदतीलाच...

बारकी : आधी तू ‘सांभाळ’ म्हणून ओरडतेस. मग धावत येतेस. मग मी बॉलकडे बघत नाही, तू कुठवर आलीस ते बघते.

कॅप्टन : मी ओरडते? सर, मी ओरडते?

कोच : ओरडतेस. मला बाकावर ऐकू येतं. मला वाटायचं, बरंच आहे, धीर देतेय.

बारकी : लहानपणी मी दुधाचं पातेलं उचललं की तू म्हणायचीस, सांडशील हं. आणि मी सांडायचे. मग तूच पुसायचीस.

कॅप्टन : तू सांडायचीस म्हणून मी म्हणायचे!

बारकी : असेल. आधी काय व्हायचं ते मला आठवत नाही. पण आता बॉल माझ्या हातात यायच्या आधी तुझ्या चेहऱ्यावर दिसतं मला, की तो सुटलाय.

कोच : थांब, थांब. ही मागे धावते, म्हणून हिच्याबरोबर सगळी बचावफळी मागे येते. म्हणून त्यांच्या पोरी आपल्या गोलच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात. सुटलेला बॉल त्यांना आयता मिळतो. अरे देवा! आणि हिला ‘जवळ राहा’ म्हणून कुणी सांगितलं? मीच! तळहातावरच्या फोडासारखं जपायला लावलं.

कॅप्टन : म्हणजे सगळं माझ्यामुळे झालं.

बारकी : नाही गं. बॉल माझ्याच हातून सुटलाय. पहिला तर उगाचच सुटला, त्याला काही कारणच नव्हतं. सुटतो एखादा. पण त्या दिवसापासून तू इतकी घाबरलीस, की मला माझी भीती कमी आणि तुझी जास्त वाटायला लागली.

कॅप्टन : मग घाबरू नको तर काय करू? तू सांग. दोन वेळ जेवत नाहीस, आरशात बघत नाहीस...

बारकी : घाबर. लांबून घाबर.

कोच : ठरलं. मास्तरणीला सांगतो बस म्हणून. कॅप्टन, तू वर राहायचं, मधल्या रेषेकडे. सगळ्यांना वर ओढायचं. त्यांच्या पोरी तुझ्या, बॉल बारकीचा. बॉल गोलकडे निघाला तरी मागे पळायचं नाही.

कॅप्टन : नाही जमणार, सर. माझे पाय आपोआप पळतात.

कोच : आवर त्यांना.

कॅप्टन : आणि सुटला तर? तिच्या मागे कुणीच नसेल!

बारकी : नसेलच.

कॅप्टन : आई बघतेय वरून.

बारकी : बघू दे. गोलकीपरची आई आहे ती, तिला हे बघावंच लागणार.

कॅप्टन : लोक हसतील परत.

बारकी : मला हसतील ना? मग मला हसू देत.

कोच : झाली शिट्टी. चला पोरींनो. मी तिकडे जीव मुठीत धरून बसतो, माझं तेवढंच काम उरलंय.

कॅप्टन : इकडे ये. ग्लोव्हचा पट्टा सुटलाय तुझा. थांब, मी लावते.

बारकी : ताई.

कॅप्टन : बरं. लाव तूच.

बारकी : लावला. चल.

कॅप्टन : मी वर राहीन. ‘सांभाळ’ म्हणणार नाही. मागे वळून बघणारसुद्धा नाही, बस?

बारकी : बघ की. फक्त येऊ नकोस.