हबची खरखर

अमेरिकेतल्या डुलूथच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघं म्हातारे उभे होते, व्हायोलिनवाली व्हर्ना आणि बँजोवाला ऑर्विल.

"ऑर्विल, रेकॉर्डिंगमधली खरखर गेली का रे? शनिवारी स्पर्धेला पाठवायचंय."

"गेली! उगाच तीनदा कॉम्प्युटरवर लिनक्स नव्यानं टाकलं. शेवटी यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी काढून बघितली, तर आपला माइक आणि पक्षी बघायचा कॅमेरा एकाच हबवर, त्या वायरी जोडायच्या डबीवर!"

"हबला सात भोकं आहेत की."

"भोकं सात, पण कॉम्प्युटरकडे वायर एकच जाते, बाई. कॅमेराच सगळी वाट अडवून बसलेला. त्याला वेगळ्या पोर्टात लावला. आता स्वच्छ ऐकू येतं."

"मग तोंड का पाडलंस?"

"इतके दिवस वाटायचं, कॉम्प्युटर बिघडलाय. आता ऐकलं तर कळलं, बिघडलाय बँजोवरचा माझा हात."

"अरे, मग कॅमेरा परत लाव की हबला!"

"तेच करून आलोय!"