गळ्याभोवतीचं कापड

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा नंबरची वाट बघत बसल्या होत्या. थोरली सांगत होती.

“एक पोरगा सायकल चोरताना सापडला गं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून बेदम मारला. आमचे हेही त्यात!”

“भाऊजी? अहो, ते तर झुरळसुद्धा मारत नाहीत!”

“यांच्या पायातली चप्पल हातात आली होती. मग कुणीतरी ओरडलं, याचं डोकं भादरा आणि धिंड काढा. नेला ओढत सलूनमध्ये.”

“अगंबाई! आणि सलूनवाले काका तयार झाले?”

“त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि वळून म्हणाले, ‘आता हे माझं गिऱ्हाईक. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला कुणी हात लावत नाही. ज्याला दाढी करायची असेल त्यानं बाकावर बसावं.’”

“आणि बसले सगळे?”

“बसले की, रोजच्यासारखे! काकांनी कोमट पाण्यानं त्याच्या ओठाचं रक्त पुसलं आणि विचारलं, ‘केस किती बारीक करू?’ तसा तो हुंदके देऊन रडायला लागला. इकडे बाकावर कुणी पेपर उघडला, कुणी पंखा वाढवायला सांगितलं.”

“धन्य आहे बाई काकांची! आणि भाऊजी?”

“पोलीस त्याला घेऊन गेले, मग यांचा नंबर लागला. त्याच खुर्चीत बसले. काकांनी यांच्याही गळ्याभोवती कापड बांधलं आणि अगदी हळू म्हणाले, ‘सर, आता तेवढी चप्पल खाली ठेवता का?’”