स्टॉप शिकवणारा जोतीराम

...आन् वर मलाच म्हणत्यात, केरबा, तुझंच नशीब फुटकं! नशिबाचं काय घेऊन बसलाय पावणं, नशीब झ्याक हुतं की. हळद लागलीती, बाशिंग बांधलंतं, उचगावात मांडव पडलाता, आन् नवरी कोण, तर शालू! लई आवडलीती मला. घोडं तेवढं जोतीरामानं आणलं. जोतीराम म्हंजे एका ताटात जेवल्याला, पोरगी बघायलाबी संगं आल्याला... आता ह्येला मैतर म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

घोडं कसलं, तर महाराज सरकारच्या रिसाल्यातनं म्हातारं म्हणून काढल्यालं. "केरब्या, ह्येला मराठी कळत न्हाय. जल्मभर इंग्रजी हुकूम ऐकलाय त्येनं. थांबवायचं तर स्टॉप म्हणायचं." ह्यो इंग्रजी शिकल्याला, बा रिसाल्यात सवार, मग मी कशाला शंका काढतोय? रोज सांजचं शिकवायचा. "पाऊस थांबला तर स्टॉप. पगार अडवला तरी स्टॉप. भोकाला बोळा घातला तरी स्टॉपच. काल थांबलं तर स्टॉप्ड, आत्ता थांबतंय तर स्टॉपिंग." हळदीच्या अंगानं मी घोकतोय, आन् आई म्हणती, पोराला बाधा झाली का काय... ह्येला मैतर म्हणायचं का?

लग्नादिवशी मारुतीला नारळ फोडून निघालो. मांडवाच्या दारात वाजंत्र्यानं तुतारी फुंकली, आन् रिसाल्याचं घोडं ते, त्येला वाटलं लढाई लागली! सुटलं की वाऱ्यासारखं! मी वरनं वरडतोय, स्टॉप! पावसाचा स्टॉप म्हणलं, पगाराचा म्हणलं, भोकाचाबी म्हणलं, शेवटाला कालचा स्टॉप्डसुद्धा म्हणून बघितलं. घोडं ऐकतंय व्हय! ते थेट कोल्हापुरात, पागेच्या दारात. तिथं एक म्हातारा हवालदार विडी वडत बसलाता, त्यो नुसतं म्हणला, "हॉल्ट." घोडं जाग्यावर उभं. मी म्हणलं, हवालदार, ह्यो शब्द कुठनं काढला? म्हणला, "अवो नवरदेव, रिसाल्यातल्या सवाराच्या पोराबाळास्नीबी ठावं असतोय."

सवाराची पोरं! आलं का ध्यानात? माझ्या तवा आलं.

घोडं घेऊन फिरून मांडवात आलो तर जेवणाच्या पंगती बसलेल्या. सासरा म्हणला, "मुहूर्त टळत हुता. हळद लागल्याली पोर घरात ठिवायची का आमी?" आन् भर मांडवात उठून उभा कोण ऱ्हायलाता, तर जोतीराम! "मैतराची अब्रू ती माझी अब्रू," असं म्हणला म्हणं. अक्षता पडल्यात्या, शालूला घास भरवत बसलाता. मला बघून म्हणतोय, "आलास? बस की, जिलबी गरम हाय."

जीव जळला हो. त्या घासाकडं बघून रडाय आलं मला, खोटं कशाला बोलू. ह्येला मैतर म्हणायचं का?

आन् सांजच्याला दोघांची वरात निघायची, तर माझ्याच कानाला लागतोय, "केरब्या, घोडं बुजंल, तेवढा लगाम धरून पुढं चाल की."

...चाललो. शालू बसलीती हो वर, पडली असती म्हंजे?