चढाकडचा बाण

(न्हाणीघराच्या दारात पाणी साचलंय. गवंडी आणि निवृत्त गणिताचे सर ते बघत उभे.)

गवंडी : दारात तळं, अन् तिकडे कोपऱ्यातली जाळी कोरडी ठणठणीत. सर, तुम्ही कागदावर काढून दिलेल्या नकाशाबाहेर मी गेलेलो नाही.

सर : नकाशा चुकणं शक्यच नाही. एकतीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलंय मी.

गवंडी : मग नकाशात दाराकडे तोंड केलेला हा बाण कुणाचा?

सर : माझाच. ग्रेडियंट आहे तो. जिकडे सगळ्यात जास्त चढ, तिकडे त्याचं तोंड.

गवंडी : चढाकडे? अहो, आमच्यात बाण म्हणजे पाण्याची वाट. बापापासून तेच चालत आलंय.

सर : गणितात चढाकडेच असतो.

गवंडी : मग पाणी नापास झालं म्हणायचं.

सर : थट्टा पुरे. उद्या ही दवाखान्यातून घरी येतेय, नवा खुबा घेऊन. जुन्या फरशीवर याच दारात घसरली, म्हणून तर हा खटाटोप. पुन्हा पडली तर मी काय करू?

गवंडी : आजच उखडून ढाळ फिरवतो. पण वॉकर घेऊन उतारावर चालायचं म्हणजे...

सर : उताराला काटकोनात चाललं, की त्या दिशेनं चढही नाही, उतारही नाही. टेकडीला वळसा घालतो तसं.

गवंडी : म्हणजे काकूंची वाट सपाट, आणि पाणी आडवं जाळीकडे. हे पटलं. ढाळ हलकाच ठेवू. आता वाट सांगा.

सर : म्हणजे?

गवंडी : आत शिरल्यावर काकू आधी कुठे जातात? बेसिनकडे की नळाकडे?

सर : नळाकडे. थांबा... बेसिनकडे.

गवंडी : लग्नाला किती वर्षं झाली, सर?

सर : अडतीस. ती आत जाते तेव्हा मी पेपर वाचत असतो हो.

गवंडी : फोन लावा. तोवर मी सिमेंट कालवत नाही.

सर : हॅलो, मी बोलतोय. ऐक, न्हाणीघरात शिरलीस की आधी कुठे जातेस तू?

बायको : जाते कुठली? आधी दारातच वाकते. तुमचा ओला टॉवेल पडलेला असतो ना, तो उचलायला. त्या दिवशीही तेच करत होते.

सर : (दाराकडे बघत) आणि मग?

बायको : मग बेसिनकडे. का हो?

सर : काही नाही. ठेवतो.

गवंडी : काय म्हणाल्या?

सर : बेसिनकडे. पण आधी इथे दाराशी एक हूक ठोका. माझ्या हाताला येईल असा.