नऊ सेकंदांचं काम

'नोकरी गेली त्याची, आणि तीही त्या पोरीच्या नादात—' एवढंच ऐकलंत ना जिन्यात? आणि तुम्हाला बघून दोघी गप्प झाल्या! होणारच. अर्धं बोलायचं नि उरलेलं ऐकणाऱ्याच्या डोक्यात शिजू द्यायचं, ही इथली जुनी खोड. बसा हो, त्याच्या दाराला कुलूप आहे. त्याला सांगून आलेल्या मुलीच्या मावशी ना तुम्ही? मग चौकशी करायलाच हवी, भाचीच्या जन्माचा प्रश्न! मी कुणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही — पण त्याची नि आमची भिंत एकच, ऐकू येतं, त्याला मी काय करू?

नोकरी शाबूत आहे त्याची. झालं काय — पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे तो, आमची लेकही तिथेच. बारा हजार नमुन्यांचे निकाल एक्सेलमध्ये भरायचे होते, हातानं नाही, प्रोग्रॅम लिहून. लिहिला पठ्ठ्यानं! कसा? एका नमुन्याचा हिशोब करायचा, फाइल उघडायची, एक ओळ लिहायची, सेव्ह करायची, बंद करायची — की दुसरा नमुना, पुन्हा फाइल उघड. बारा हजार वेळा! मी फारशी शिकलेली नाही, पण गच्चीवरून एक रुमाल आणायचा, कपाट उघडायचं, तो ठेवायचा, कुलूप लावायचं, आणि मग दुसऱ्या रुमालासाठी परत गच्ची चढायची — असं करतं का कुणी? आणि फाइल भरत जाईल तशी उघडायला जड. पहिल्या दिवशी धावत होतं ते तिसऱ्या दिवशी रांगायला लागलं. त्यात साहेबांनी मधेच तीच फाइल उघडून ठेवली, प्रोग्रॅम अडकला, साहेबांचा पारा चढला — 'शुक्रवारी अहवाल नसेल तर घरी बसा!' बसा म्हणाले, बसवलं नाही. आता दूधवालीला सांगताना माझ्याकडून थोडं कमीजास्त झालं असेल, नाही म्हणत नाही.

वाचवलं कुणी? आमच्या लेकीनं! म्हणाली, 'अरे शहाण्या, सगळे निकाल आधी एका यादीत गोळा कर, शेवटी एकदाच फाइल उघड नि सगळे एकदम लिही.' म्हणजे काय, कपडे टोपलीत भरून आण की बाबा! चार ओळी बदलल्या, झालं. तीन दिवसांचं रडगाणं नऊ सेकंदांत आटपलं. मी त्याच्या घरी दोघांना चहा घेऊन गेले होते तेव्हा — कप ठेवेपर्यंत फाइल तयार! गुरुवारीच अहवाल साहेबांच्या टेबलावर.

तेव्हापासून रोज जाते ती त्याच्याकडे. शिकवायला हो. आता तीन आठवडे झाले. 'थोडं राहिलंय, आई,' म्हणते. सोमवारी थोडं राहिलं, मंगळवारी थोडं राहिलं, काल तर नवा ड्रेस घालून गेली राहिलेलं संपवायला — गुणाची आहे, हातातलं काम अर्धं टाकत नाही... नऊ सेकंदांच्या कामात राहतंय काय पण?

आणि आज सुट्टी. आमची सकाळीच गेली, मैत्रिणीकडे. त्याच्या दाराला—

नाही, काही नाही. कुठे काय!

ताई, कसं आहे, भाची तुमची सुंदर, शिकलेली, तिला काय छप्पन्न स्थळं मिळतील. उठा आता. आणि हे बघा, जिन्यात त्या दोघी भेटल्या तर सांगा, नोकरी गेलेली नाही म्हणावं. तेवढंच सांगा.